कुणी पत्र उघडलं, कुणी नाही

माझ्या यादीत त्रेचाळीस पत्ते होते. आता कुणाच्याही फोनमध्ये एका गटात याहून जास्त माणसं असतात. पण तेव्हा, म्हणजे आमचा हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन सात-आठ वर्षं झाली होती त्या सुमाराला, आमच्या बंजारा तांड्यातून बाहेर पडलेल्या त्रेचाळीस माणसांचे ईमेलचे पत्ते एका वहीत जमवायला मला दीड वर्ष लागलं होतं. कुणी पोलिसात होतं, कुणी एस.टी.त वाहक, दोघं आश्रमशाळेत शिक्षक, बाकी बहुतेक औरंगाबाद-पुण्याकडं शिकणारी मुलं. मी स्वतः सेनगाव तालुक्यात गोरेगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. तांडा तिथून चालत तासाभरावर. आई-वडील तिथंच राहायचे.

या माणसांना मी महिन्यातून एक पत्र पाठवायची. वर चार ओळी तांड्याची खबरबात, आणि खाली एक प्रश्न. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरण्याला आमच्यात लदेणी म्हणतात. माझ्या वडिलांनी त्यांच्या आज्याकडून लदेणीच्या गोष्टी ऐकलेल्या होत्या, आणि त्या ऐकताना मला त्यातल्या गाळलेल्या जागाच जास्त दिसायच्या. पुढं चालणाऱ्या बैलाच्या गळ्यातली घंटा कोण करून द्यायचं? पावसात मीठ भिजू नये म्हणून काय करायचे? शेकडो बैल मोजायचे कसे? असा एक प्रश्न मी पत्रात घालायची. वाचणाऱ्यानं घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला विचारायचं आणि उत्तर मला कळवायचं. आलेली उत्तरं पुढच्या पत्रात.

हा उद्योग मी पोस्टकार्डांवर सुरू केला होता, नव्वदच्या दशकात, नोकरीला नवी लागले तेव्हा. त्या वेळी नऊच माणसं होती. नऊ कार्डं हातानं लिहायची, आणि गंमत अशी व्हायची, की नवव्या कार्डापर्यंत येता येता प्रश्नच बदललेला असायचा. पहिल्या कार्डावर ‘घंटा कशाची होती’ असं असायचं, नवव्यावर ‘घंटा का बांधायचे’. त्यामुळं उत्तरंही दोन प्रकारची यायची.

ईमेल आल्यावर मी हिंगोलीला जायला लागले. तिथं एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिच्या मालकांनी टाइपरायटर मागच्या खोलीत सरकवून पुढं पाच कॉम्प्युटर मांडले होते. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरी टोपी, बोटं अजून टाइपरायटरसारखी जोरात आपटायची. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. वीज कधी असेल याचं वेळापत्रक त्यांनी दारावरच चिकटवलं होतं. रविवारी गोरेगावहून जीपनं यायचं आणि वीज जायच्या आत काम उरकायचं, असा माझा नेम.

सुरुवातीला मी सगळे पत्ते एकाच ओळीत घालून साधा मेल करायची. त्यात एकदा माझ्या चुलतभावानं मला एकटीला म्हणून जे उत्तर लिहिलं, ते सगळ्यांना गेलं. त्याला पाहिलेली मुलगी पसंत नव्हती, आणि का पसंत नव्हती ते त्यानं सविस्तर लिहिलं होतं. मुलीचा सख्खा मामा यादीत होता. पुढं काय झालं ते सांगत बसत नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी मेलवाल्या कंपनीनं माझं खातंच बंद केलं. एका दमात चाळीसावर लोकांना पाठवते म्हणजे ही बाई नको ती जाहिरात करत असणार, असं त्यांच्या यंत्राला वाटलं.

चाचा म्हणाले, “बाई, याच्यासाठी वेगळ्या सर्व्हिसा हायेत. दुकानदार वापरतेत, गिऱ्हाइकाला माल कळवायला. यादी ल्हान असली तर फुकट देतेत.”

“पण मी कुठं दुकानदार आहे?”

“तुमाला कोन अडवतंय? फॉर्म भरून तर बघू.”

आम्ही फॉर्म भरायला बसलो. ‘तुमचा व्यवसाय कोणता’ याच्याखाली लांबलचक यादी होती. कपडे, हॉटेल, जमीनजुमला, दवाखाना. प्रश्न विचारणं हा व्यवसाय कुठंच नव्हता. मी ‘इतर’ निवडलं. मग विचारलं होतं, तुमचे ग्राहक किती.

“त्रेचाळीस लिवा,” चाचा म्हणाले.

“ते ग्राहक नाहीत हो. मामा, काका, चुलतभाऊ आहेत.”

“यादीत गेले की सगळे गिऱ्हाइकच असतेत, बाई.”

वहीच्या एका पानावर मी रकाने आखले आणि एकेक सर्व्हिस पारखायला लागले. हे काम मला मनापासून आवडलं. शाळेत मुलांना आपण प्रयोग शिकवतो, पण स्वतः करून पाहायची वेळ क्वचित येते.

पहिली सर्व्हिस अगदी सोपी होती. पत्र गेलंही सगळ्यांना. पण फुकटच्या बदल्यात ती पत्राखाली स्वतःची एक जाहिरात चिकटवायची, आणि कोणती ते आपल्या हातात नसायचं. पोलिसातले माझे मामा चिडून फोनवर म्हणाले, “खबरबात बरी होती. पण खाली वजन कमी करायच्या गोळ्या काहून लिहिल्यास? मी जाड झालो हे तुला कुणी सांगितलं?”

दुसरीत जाहिरात नव्हती. पण मराठी अक्षरं तिच्या पचनी पडत नव्हती. मी मोठ्या कष्टानं टाइप केलेलं पत्र पोचलं तेव्हा त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. औरंगाबादला शिकणाऱ्या एकानं उत्तर पाठवलं, “ताई, दर महिन्याला एकच प्रश्न असतो ना?”

तिसरी मात्र जमली. मराठी नीट दिसायचं, जाहिरात नव्हती, फक्त तळाशी त्यांचं एक छोटं चिन्ह. तिच्या दोन अटी होत्या. एक म्हणजे प्रत्येक पत्राखाली पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवाच. फॉर्ममध्ये रस्त्याचं नाव विचारलं होतं. गोरेगावात आम्ही राहायचो त्या बोळाला कुणी कधी नाव दिलेलं नव्हतं. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘दत्तमंदिराच्या मागं, पिठाच्या गिरणीजवळ’. यंत्रानं ते निमूट घेतलं. दुसरी अट अशी, की पत्र हवं असणाऱ्यानं आधी एका इंग्रजी मेलमधल्या निळ्या ओळीवर बोट दाबून ‘होय’ म्हणायचं. त्रेचाळीसपैकी सोळाच जणांनी दाबलं. बाकीच्यांना एसटीडी बूथवरून फोन लावावे लागले. मामांनी विचारलं, “याच्यात कुठं सही तर करावी लागत न्हाई ना?” दोन महिन्यांनी एकोणचाळीस झाले. चार कायमचे सुटले.

त्या एकोणचाळिसांत माझी बालमैत्रीण होती. आमच्या तांड्यातून गोरेगावच्या शाळेत चालत जाणाऱ्या आम्ही दोघीच मुली. मी शिक्षिका झाले, ती नर्स. तेव्हा ती वाशीमच्या पलीकडं एका सरकारी दवाखान्यात होती. फोन केला त्याच दिवशी तिनं ‘होय’ दाबलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ही तिसरी सर्व्हिस एक तक्ता द्यायची. पत्र पाठवलं की कुणी ते उघडलं, कधी उघडलं, किती वेळा, ते सगळं त्यात. उघडणाऱ्याचं नाव हिरवं, न उघडणाऱ्याचं करडं.

पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा मी खुर्चीत पुढं सरकले ते आजही आठवतं. इतकी वर्षं पोस्टकार्डं टाकली, पण टपालपेटीत कार्ड पडल्यानंतर त्याचं काय होतं ते मला कधीच कळलं नव्हतं. इथं मला माझे वाचणारे दिसत होते. मामा पहाटे सहाच्या आत उघडतात, म्हणजे ड्यूटीवर जाण्याआधी. पुण्याच्या वसतिगृहातला मुलगा दुपारी तीनला, म्हणजे तास बुडवून. तो मुलगी नापसंत करणारा चुलतभाऊ मुंबईला एका ऑफिसात लागला होता. त्यानं एकच पत्र चौदा वेळा उघडलं होतं. चौदा वेळा! त्या घंटेच्या प्रश्नात त्याला इतकं काय दिसलं असेल याचा मी आठवडाभर विचार केला. पुढच्या पत्रात त्याचं कौतुकही छापलं.

मग मी दर रविवारी पत्र पाठवायचं नसलं तरी हिंगोलीला जायला लागले, नुसता तक्ता बघायला. चाचा म्हणायचे, “आज काय काम काढलं, बाई?” मी म्हणायची, “काही नाही, जरा पाहायचं होतं.” वहीत मी प्रत्येकाच्या नावापुढं खुणा करायला लागले. फोनवर बोलताना त्या खुणा डोक्यात असायच्या. कुणी म्हणालं ‘कामात होतो, पत्र वाचायला वेळच मिळाला नाही’, आणि तक्त्यात हिरवं असलं, की मला वाटायचं, अच्छा, उत्तर द्यायचं टाळतोय.

मैत्रिणीची ओळ मात्र पहिल्या दिवसापासून करडी होती. एक महिना, दोन महिने, सात महिने. फोनवर तिला विचारलं तर म्हणायची, “वाचते की गं.” आणि कधीही, एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्याकडून आलं नव्हतं. मला ते लागत गेलं. इतरांचं काही नाही, पण हिनं?

उन्हाळ्यात तिच्या भाच्याचं लग्न होतं. ती चार दिवसांची रजा काढून आली होती. मांडवाच्या आदल्या दिवशी आम्ही सात-आठ जणी लिंबाखाली गहू निवडत बसलो होतो. आपसांत आम्ही आमच्या गोरमाटी बोलीत बोलतो, इथं मी ते मराठीत लिहिते आहे. बोलता बोलता पत्राचा विषय निघाला. मैत्रीण म्हणाली, “हिचं पत्र लई भारी असतं. मी तर वाटच बघून असते.”

मला गप्प बसता आलं असतं. पण सात महिन्यांच्या खुणा होत्या माझ्या वहीत.

मी म्हटलं, “खोटं काहून बोलतीस? तू एकबी पत्र उघडलेलं न्हाईस. मला दिसतं.”

तिचा हात सुपातच थांबला. “काय दिसतं तुला?”

“सगळं. कोण उघडतं, कवा उघडतं. तुझं नाव सात महिन्यांपासून करडं हाय.”

सगळ्या बायका आमच्याकडं बघायला लागल्या. मैत्रिणीचा चेहरा लाल झाला, पण तिनं वाद घातला नाही. “तुला दिसतं व्हय,” एवढंच म्हणाली. सूप खाली ठेवलं, पदराला लागलेला कोंडा झटकला आणि उठून घरात गेली. लग्नात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चार दिवसांची रजा होती, तिसऱ्याच दिवशी निघून गेली.

ती उठून गेल्यावर पुण्याच्या त्या वसतिगृहातल्या मुलाची आई माझ्याजवळ सरकली. दबक्या आवाजात म्हणाली, “बाई, माझं पोरगं तिकडं काय करून राहिलं तेबी दिसतं का तुला? येळेवर जेवतं का बघ की जरा.”

मी म्हटलं, “तसं नाही दिसत हो.” पण तिचा विश्वास बसला नाही. ज्या बाईला वाशीमपलीकडचं दिसतं तिला पुण्याचं का दिसू नये?

बोलणं तांड्यात पसरलं, आणि तांड्यातून फोनवर बाहेर गेलं. पुढच्या पत्रानंतर मी तक्ता उघडला तर वर एक नवाच आकडा होता. तिघांनी यादीतून नाव काढून घेतलं होतं. प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘पत्र नको असल्यास इथं दाबा’ अशी ओळ असायची, ती त्या सर्व्हिसची सक्तीच होती, पण आजवर कुणी दाबलं नव्हतं. तिघांत एक मामा. मी फोन केला. ते तुटक बोलले. “पोलिसवाला मी हाय. लोकांवर नजर ठेवायचं काम माझं हाय, तुझं न्हाई.”

मी फोन ठेवला आणि बूथमध्येच बसून राहिले. मला पहिल्यांदाच जाणवलं, की त्या तक्त्याबद्दल एक साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मीठ भिजायचं कसं नाही, बैल मोजायचे कसे, सगळं विचारलं. पण दूरच्या कंपनीला कळतं कसं, की वाशीमपलीकडं कुणी पत्र उघडलं?

रविवारी मी चाचांना विचारलं. त्यांनी टोपी मागं सरकवली. “मलाबी कधी सुचलं न्हाई विचारायचं. करून बघू.”

मी यादीत माझा स्वतःचा पत्ता घातला आणि एका ओळीचं पत्र पाठवलं. मग एक नंबरच्या मशीनवर बसून ते उघडलं, मोठ्यानं वाचलंसुद्धा. चाचा वेगळ्या मशीनवर तक्ता उघडून बसले होते, मी तिथं आले की ते दुसरीकडं सरकायचे.

“करडं,” ते म्हणाले.

“मी वाचलं की आत्ता.”

“करडंच हाय, बाई.”

दोन नंबरवर वाचलं. करडं. तीनवर करडं, चारवर करडं. दारावरच्या वेळापत्रकाप्रमाणं वीज जायला वीस मिनिटं उरली होती. पाच नंबरवर उघडलं आणि चाचा ओरडले, “हिरवं झालं!” बाजूला बसून परीक्षेचा निकाल शोधणारा एक माणूस दचकून आमच्याकडं बघायला लागला.

पाचव्या मशीनमध्ये वेगळं काय होतं? चाचा डोकं खाजवत फिरले. मग त्यांना आठवलं. लाइन हळू चालते म्हणून पहिल्या चार मशीनवर त्यांनी चित्रं दिसणं बंद करून ठेवलं होतं. पाचवी त्यांची स्वतःची, तिच्यावर चालू. त्यांनी पत्राच्या मागची इंग्रजी मजकुराची गिचमीड उघडली आणि ओळीओळीनं बोट फिरवत गेले. अगदी शेवटी सापडलं.

“इथं एक चित्र लावलंय त्यांनी. हे बघा माप. एक गुणिले एक. डोळ्याला दिसायचं न्हाई इतकं बारीक. पत्र उघडलं की मशीन ते चित्र मागवतं, आन् मागवलं की तिकडं नोंद होते.”

“आणि चित्रं बंद असली तर?”

“तर मागवतच न्हाई. तुमी शंभर वेळा वाचा, तिकडं नोंद न्हाई.”

वीज गेली. पाचही पडदे काळे झाले. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. चाचांना शोध लागल्याचा आनंद झाला होता, आणि मी दारातल्या उजेडात वहीतल्या मैत्रिणीच्या खुणा पाहत होते.

परत जाताना मी बूथवरून मुंबईच्या चुलतभावाला फोन लावला. म्हटलं, “खरं सांग, ते घंटेचं पत्र तू चौदा वेळा का उघडलंस?” तो म्हणाला, “ताई, राग मानू नको. ऑफिसच्या मेलमध्ये वरून खाली जाताना मधलं पत्र आपोआप उघडतं. तुझं मध्येच होतं. वाचायचं राहूनच गेलं बघ.”

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी हिंगोलीहून कनेरगाव नाक्यावरून वाशीमकडं जाणारी एस.टी. धरली, मग वाशीमला दुसरी. दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मैत्रिणीनं दार उघडलं, मला पाहिलं आणि बाजूला झाली. पाणी दिलं. चहा टाकला.

मी म्हटलं, “तू पत्र कुठं वाचतीस?”

“दवाखान्याच्या ऑफिसात. क्लार्क जेवायला गेला की त्याच्या कॉम्प्युटरवर.”

“त्याच्यावर चित्रं दिसतात?”

“न्हाई. चित्राच्या जागी चौकोन येतो. काहून?”

मी तिला सगळं सांगितलं. चार मशीन, पाचवी मशीन, ठिपक्याएवढं चित्र. ती लक्ष देऊन ऐकत होती, पण तिचा चेहरा सैल पडला नाही. माझं संपल्यावर ती म्हणाली, “म्हणजे मशीन चुकलं नसतं तर तू मला खोटी पाडली ते बराबर होतं?”

वर आलेला चहा तिनं उतरवला आणि पुढं म्हणाली,

“वाचते म्हणून मी तुला सांगत होते ना? सात महिने सांगत होते. तुला मशीनचं खरं वाटलं.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ती उठली आणि कपाटातून एक जाड वही घेऊन आली. ऑफिसात छापायला परवानगी नव्हती, म्हणून माझं प्रत्येक पत्र तिनं हातानं उतरवून घेतलं होतं, खबरबातीसकट. प्रत्येकाच्या पुढं दोन-तीन पानं भरलेली. त्या भागातल्या तांड्यांवरच्या बायका बाळंतपणाला तिच्याकडं यायच्या, त्यांच्यासोबत त्यांच्या सासवा, आया. रिकाम्या वेळी मैत्रीण त्यांना माझे प्रश्न विचारायची. बैल मोजायची एक रीत तिच्या वहीत होती, ती माझ्या वडिलांनासुद्धा माहीत नव्हती. दर वीस बैलांमागं एक खडा पिशवीत टाकायचा, आणि मुक्कामाला पोचल्यावर तसेच वीस-वीस करून एकेक खडा काढत जायचं.

“हे तू पाठवलं का नाहीस?”

“तू लोकांची उत्तरं सुधारून छापतीस. त्या वाहकानं लिहिलं होतं, तर तू खाली लिहिलंस, शुद्धलेखनाकडं लक्ष द्यावं. एकोणचाळीस माणसांत.” तिनं कपात चहा ओतला. “मी नर्स हाय. बारा वर्षांत मराठी लिहून कुणाला दाखवायची वेळ आली न्हाई.”

ते मी लिहिलं होतं. गमतीनं, म्हणजे मला तेव्हा ती गंमत वाटली होती. त्या वाहकाचंही त्यानंतर उत्तर आलं नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवलं. तक्त्यात तो दर महिन्याला हिरवा असायचा, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही.

चहा झाला. मी वही चाळत होते. प्रश्नांची उत्तरं संपली तरी मजकूर पुढं चालूच होता. तिथं प्रश्न माझे नव्हते.

“हे काय?”

“ते माझं हाय,” ती जरा संकोचानं म्हणाली. “तुझे सगळे प्रश्न बैलाचे. मिठाचे. घंटेचे. म्हटलं, लदेणीत बायाबी असतील की. चालता चालता एखादीचे दिवस भरले तर? तांडा थांबायचा का पुढं जायचा? नाळ कोण कापायचं? म्हणून मी विचारत गेले.”

मी तिथंच बसून ती पानं वाचली. बाहेर दवाखान्याच्या आवारात कुणीतरी तिला हाक मारत होतं, ती जाऊन इंजेक्शन देऊन परत आली तरी मी वाचतच होते. एका म्हातारीनं सांगितलं होतं, की बैलांवरच्या गोण्या उतरवून त्यांची तिन्ही बाजूंनी भिंत रचायचे आणि आत बाळंतपण व्हायचं. धान्याच्या गोण्या असतील तर ठीक, मिठाच्या असतील तर बाईला फार तहान लागायची, असं ती म्हणाली होती. हे खरं असेल का? मिठाच्या गोणीजवळ बसून तहान लागते? मला कितीतरी दिवसांनी पुन्हा तो जुना, अंगात सरसरणारा प्रश्न पडल्याचा आनंद झाला. मैत्रिणीला विचारलं तर ती हसली, त्या भेटीत पहिल्यांदाच. “मलाबी तेच पडलंय. दमट वाऱ्यात मिठाला पाणी सुटतं, तहान कशी लागंल?”

मुक्कामाला मी तिच्याकडंच राहिले. सकाळी निघताना ती म्हणाली, “पत्र पाठवत जा. फक्त ते बघणं बंद कर.”

परत आल्यावर मी पुन्हा वहीत रकाने आखले. या वेळी शोध उलटा होता. तक्ता न देणारी सर्व्हिस हवी होती, आणि ती मिळणं अवघड निघालं, कारण जो तो आपला तक्ता किती बारकाईनं सांगतो याचीच बढाई मारत होता. शेवटी चाचांनी एक जुन्या वळणाची, साध्या मजकुराची सर्व्हिस शोधून दिली. तिच्यात रंग नाहीत, चित्रं नाहीत, ठळक अक्षरंसुद्धा नाहीत. लिहिलेलं जसंच्या तसं जायचं आणि उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडं यायचं. चाचा म्हणाले, “हे तर तुमच्या पोस्टकार्डासारखंच झालं, बाई.” मी म्हटलं, असू द्या.

जुन्या यादीतल्या सगळ्यांना मी आधी एक वेगळं पत्र लिहिलं. मला काय दिसत होतं, कसं दिसत होतं, ते किती चुकीचं होतं आणि यापुढं दिसणार नाही, हे साधेपणानं सांगितलं. वाहकाची माफी नाव न घेता मागितली. पाठवायच्या आधी चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, त्या चौदा वेळावाल्याचं लिहू नका.

पुढचा प्रश्न मैत्रिणीचा होता. लदेणीत बाळंतपण. पत्र पाठवण्याआधी सवयीनं मी तांड्यावर जाऊन वडिलांना विचारलं. ते बाजेवर बसून दोरी वळत होते. म्हणाले, “ते मला कोण सांगतंय? गडीमाणसं बैलं घेऊन पुढं जायची, आज्यानं एवढंच सांगितलेलं. बायांचं बायांला विचार.”

माझी आई चार हातांवर ज्वारी पाखडत होती. आईला आमच्यात याडी म्हणतात. पंधरा वर्षं मी या घरात येऊन वडिलांना लदेणीचे प्रश्न विचारत होते, आणि ती प्रत्येक वेळी तिथंच असायची. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं.

तिनं सूप आपटणं थांबवलं नाही. “माझी पणजी पूर्णेच्या काठाला झाली,” ती म्हणाली. “नदीला पाणी आलं होतं. तांडा अलीकडं अडकला आन् ती तवाच झाली. पाणी उतरेपर्यंत पाच दिवस तिथंच होते. म्हणून तिचं नावच पूर्णा ठेवलं.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस?”

“तू कवा विचारलंस?”

ते मी पत्रात घातलं. चौतीस जणांना गेलं, कारण सर्व्हिस बदलताना आणखी काही गळाले होते. किती जणांनी वाचलं मला ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात हात शिवशिवायचे, पण बघायला काही नव्हतंच. दहा-बारा दिवसांत उत्तरं यायला लागली, आणि आजवर कुठल्या बैलाबद्दल आली नव्हती इतकी आली. पुण्याच्या मुलानं त्याच्या आईनं फोनवर सांगितलेलं लिहिलं होतं. वाहकानं चार ओळी लिहिल्या होत्या, मी त्यातला एक काना-मात्रा हलवला नाही. आणि एक मेल मामांचा होता. ते तर यादीत नव्हते. कुणीतरी त्यांना पत्र पुढं पाठवलं असणार. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, उलट विचारलं होतं, “आमची पणजी पूर्णेवर झाली म्हणतीस. नदीच्या कुठल्या घाटावर? सिद्धेश्वरच्या धरणाच्या वर की खाली? विचारून कळव.”

मी पुढच्या रविवारी तांड्यावर गेले आणि आईला विचारलं. ती म्हणाली, तेव्हा धरण कुठं होतं?